अभ्रकाचा भाव कोण ठरवतो?

नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोच्या २०१३-१४ च्या आकड्यांनुसार त्या वर्षी देशात सुमारे १९ हजार टन कच्चे आणि भंगार अभ्रक निघाले. निर्यात मात्र झाली सुमारे १ लाख २८ हजार टनांची. गोदामांतला जुना माल गृहीत धरला तरी एवढी तफावत भरून निघणे कठीण. हे जास्तीचे अभ्रक कुठून आले, याचे उत्तर झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीहच्या आणि त्यांना लागून असलेल्या बिहारमधल्या नवादाच्या जंगलांत आहे. तिथे या भंगार अभ्रकाला ढिबरा म्हणतात. तो वेचणाऱ्यांचे नाव कुठल्याच खाणीच्या हजेरीपटावर नसते. हाच ढिबरा पुढे रंग, सौंदर्यप्रसाधने, प्लास्टिक आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांत पोचतो. माझे म्हणणे असे, की त्याची पहिली जबाबदारी तो विकत घेणाऱ्या रसायन उद्योगावर आहे, आणि ती गावात शाळा बांधून फिटत नाही. ती खरेदीच्या करारात आणि भावात पाळावी लागते.

या पट्ट्यातले अभ्रक एके काळी विजेच्या यंत्रांसाठी जगभर जाई. सोव्हिएत संघ हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलातले खाणपट्टे नव्याने मिळणे अवघड झाले, पर्यायी पदार्थ आले, सोव्हिएत संघ कोसळला आणि अधिकृत खाणी एकामागून एक बंद पडल्या. अभ्रक मात्र संपले नव्हते, आणि गावांना दुसरा रोजगारही नव्हता. मग जुन्या खाणींबाहेरचे ढिगारे उपसणे सुरू झाले, पुढे माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढी भुयारे. आत आधाराला खांब नसतात. छिन्नी-हातोडीने फोडलेले दगड-माती टोपलीतून बाहेर येतात आणि ती चाळून नखाएवढे चकचकीत तुकडे बायका आणि मुले वेगळे करतात. किलोमागे हातात पडतात मोजके रुपये. वरची माती कधी ढासळेल याचा नेम नसतो, आणि छातीत साठणाऱ्या सिलिकाच्या धुळीवर उपाय नसतो. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी उघड केले, की अवघ्या दोन महिन्यांत अशा खाणींत सात मुले मेली आणि ते मृत्यू दडपले गेले. तक्रार केली तर खाण बंद होते आणि घरातली चूलही, त्यामुळे आईबापसुद्धा गप्प राहतात. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ‘सोमो’ या संशोधन संस्थेने या कामात २२ हजारांपर्यंत मुले असावीत असा अंदाज मांडला. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीत एकट्या झारखंडच्या अभ्रकपट्ट्यातली ६ ते १४ वयाची साडेचार हजारांवर मुले शाळेबाहेर आढळली.

कारखान्यांची पहिली सबब अंतराची असते. वेचणाऱ्याकडून गावातला व्यापारी, त्याच्याकडून निर्यातदार, मग परदेशातला रंगद्रव्याचा कारखाना आणि शेवटी नेलपॉलिश किंवा मोटारीचा रंग बनवणारी कंपनी. इतक्या हातांतून गेलेल्या मालाचे गाव कसे शोधायचे, असे विचारले जाते. पण हा उद्योग काम कसे करतो ते जवळून पाहावे. मोत्यासारखी झाक देणाऱ्या रंगद्रव्यासाठी अभ्रक दळून त्याच्या पापुद्र्यांचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. ते पाण्यात कालवून त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप चढवतात आणि भट्टीत भाजतात. लेपाची जाडी वीस-तीस नॅनोमीटरनी वाढली की रुपेरी झाक सोनेरी होते, आणखी वाढली की तांबूस, पुढे निळी आणि हिरवी. आलेल्या प्रत्येक खेपेत शिसे आणि आर्सेनिक किती, हे दहा लाखांत किती भाग इतक्या बारकाईने तपासले जाते आणि पुढे प्रत्येक डब्यावर बॅच क्रमांक पडतो. मालात खोट निघाली तर याच क्रमांकावरून पुरवठादार काही दिवसांत सापडतो. जो उद्योग दर्जासाठी मागोवा घेऊ शकतो, त्याला मुलांसाठी तो घेता येत नाही, हे मला पटत नाही. ही अडचण तंत्राची नाही. करारात ती अट कुणी घातलेलीच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असा डागाळलेला माल घेताच कशाला? ब्रिटनच्या ‘लश’ कंपनीने २०१४ मध्ये नैसर्गिक अभ्रक सोडण्याचे जाहीर केले आणि पुढे कृत्रिम अभ्रक वापरले. कृत्रिम अभ्रक अधिक शुद्ध आणि गुळगुळीत असते, त्यामुळे ग्राहकाचे काही बिघडत नाही. बिघडते ते ढिबऱ्यावर जगणाऱ्या घरांचे. अमेरिकेने २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात काँगो आणि शेजारच्या देशांतल्या कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोन्याचा हिशेब कंपन्यांकडून मागितला, तेव्हा अनेकांना चौकशीपेक्षा खरेदी थांबवणे सोपे वाटले. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तर त्या खाणींच्या आसपासच्या गावांत बालमृत्यू वाढल्याचे दिसले. अभ्रक तर त्या कायद्याच्या यादीतही नाही. शिवाय मागणी एका ठिकाणाहून उठली की दुसरीकडे जाऊन बसते: मादागास्करमधल्या अभ्रकाच्या कामातही हजारो मुले असल्याचे २०१९ मध्ये ‘टेर देस ओम’ या संस्थेने दाखवून दिले. म्हणून निघून जाणाऱ्या कंपनीचा हेतू प्रामाणिक असला, तरी मला तो मार्ग बरोबर वाटत नाही. ज्या गावाच्या कष्टांवर वर्षानुवर्षे नफा कमावला, त्या गावाचे कंपनी काही देणे लागते.

मग राहून काय करायचे? जर्मनीच्या मर्क कंपनीला आपल्या मालामागे बालमजुरी असल्याचे कळले, तेव्हा तिने भारत सोडला नाही. परवाना असलेल्या खाणींचा माल घेणे, खेपेचा माग ठेवणे आणि तिथे शाळा चालवणे हा रस्ता धरला. २०१७ मध्ये काही कंपन्यांनी मिळून ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ स्थापन केला. पाच वर्षांत बालमजुरी संपवण्याचे त्यांचे उद्दिष्ट आता २०३० वर गेले आहे. गावांत काम होत आहे, तरी ही मुदतवाढ का लागली, हे विचारायलाच हवे. मला कारण भावात दिसते. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ढिबऱ्यात घर चालत नसेल, तर मूल शाळेतून परत त्या ढिगाऱ्यावर येते. आपल्याकडे कंपनी कायद्याने सामाजिक कामांसाठी नफ्याच्या २ टक्के खर्च करायला सांगितले आहे. तो पैसा नफा झाल्यावरचा आहे. इथे प्रश्न नफा कसा झाला याचा आहे. भाव वाढवला तर वस्तू महागेल, अशी भीती घातली जाते. पण लिपस्टिकच्या किमतीत कच्च्या अभ्रकाचा वाटा इतका किरकोळ असतो, की वेचणाऱ्याचा दर दुप्पट झाला तरी दुकानातल्या किमतीत तो जाणवणार नाही. अडचण ही, की तो वाढीव रुपया मधल्या व्यापाऱ्याकडेच अडकतो. म्हणून खरेदीदाराने वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेशी थेट आणि दीर्घ मुदतीचा करार करायला हवा, दर त्यातच लिहून.

हे सरकारचे काम आहे, असेही म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. परवाना नसलेल्या खाणीत ना निरीक्षक येतो ना भरपाई मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अभ्रकाला गौण खनिजांतून काढून पुन्हा प्रमुख खनिजांत घातले, पण त्यामागे मुख्य विचार होता याच खडकांत सापडणाऱ्या लिथियमसारख्या धातूंचा. उद्या तिथे मोठ्या कंपन्यांना खाणपट्टे मिळाले आणि ढिबरावाल्यांना मिळाले नाहीत, तर आज बेकायदा असलेला माणूस उद्या बेकारही होईल. सरकार काय करते याची वाट पाहत बसण्याचे कारण उद्योगाला नाही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा जबाबदारी अहवाल सक्तीचा केला आहे. रंग आणि रसायनांच्या अनेक कंपन्या त्यात येतात. त्यात पाणी, वीज आणि कचऱ्याचे तपशीलवार आकडे मागितले जातात. कोणते खनिज कोणत्या खाणीतून आले आणि ते वेचणाऱ्याच्या हाती किलोमागे किती रुपये पडले, हे दोन रकाने त्यात वाढवायला संसदेत नवा कायदा करावा लागणार नाही, आणि भागधारकांना तर ते येत्या वार्षिक सभेतच विचारता येईल.