वैमानिक ते वास्तुविशारद : फ्राय ओटो

जन्म : ३१ मे १९२५, जर्मनी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचे वैमानिक.

युद्धकैद : फ्रान्समध्ये शार्त्रजवळची छावणी. तिथेच छावणीचे वास्तुविशारद. सामानाची टंचाई; कमीत कमी साहित्यात बांधायची सवय इथली.

ओटोंची ओळख असलेलं ताणछत म्हणजे : खांब आणि ताणलेल्या तारांवर तोललेलं, तंबूसारखं आवरण. भार भिंतींवर नाही. आकार शोधण्यासाठी ओटो तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवत. चौकटीत धरणारा पातळ पडदा आपोआप कमीत कमी क्षेत्रफळाचा होतो. छताचा आकार त्यावरून.

कामं : मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनातलं जर्मन दालन (१९६७), म्युनिक ऑलिंपिकची छतं (१९७२, मुख्य वास्तुविशारद ग्युंटर बेनिश).

निधन : ९ मार्च २०१५. त्यांना वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाल्याची घोषणा दुसऱ्याच दिवशी. निवड झाल्याचं त्यांना आधीच कळलं होतं.