लंडनचा एप्रिल आणि लोकरीचं शहाणपण

परीक्षा संपत आल्या, घरोघरी व्हिसा मिळू लागले आणि सुट्टीत लंडन गाठणाऱ्या मराठी घरांत बॅगा भरायला सुरुवात झाली. यांतल्या अनेकांच्या यादीत किंग हेन्रीज रोडवरचं 10 क्रमांकाचं घर असतंच. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. 14 एप्रिल बरोबर लंडनच्या वसंतात येतो, त्यामुळे जयंतीच्या सुमारास या घराला भेट देणाऱ्यांना पाऊस गाठण्याची शक्यता चांगलीच असते. चॉक फार्म स्टेशनवर उतरायचं, चालत घर गाठायचं, तिथून प्रिमरोज हिलची टेकडी चढायची आणि क्रिकेटवेडं कुटुंब असेल तर पुढे लॉर्ड्सपर्यंत पायीच जायचं. या एका दिवसाचे कपडे नीट जमले, तर अख्खी सहल जमली असं समजा.

गडबड होते ती पावसाबद्दलच्या आपल्या कल्पनेमुळे. आपण मुंबई-कोकणचा पाऊस डोळ्यांपुढे ठेवून तयारी करतो. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लंडनचा वर्षभराचा पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास, आणि एप्रिलचा जेमतेम 45. म्हणजे आपल्याकडे एका दुपारी कोसळतो तेवढा पाऊस तिथे महिनाभर पुरवून पुरवून पडतो. त्या दिवसांत ऊन जमीन तापवू लागलेलं असतं, पण वरच्या थरांतली हवा हिवाळ्याइतकीच गार असते. खालची उबदार हवा भराभर वर चढते, ढग जमतात, दहा-पंधरा मिनिटांची सर येते आणि पुन्हा लख्ख ऊन पडतं. दुपारी 15 अंश, पहाटे 6 अंश आणि दिवसभर वारा.

त्रास होतो तो भिजण्यापेक्षा भिजल्यावर वाजणाऱ्या थंडीचा. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने शरीराची ऊब ओढून घेतं. आपल्याकडे भिजलेला सुती शर्ट अंगावरच वाळतो. तिथे 10 अंशांच्या वाऱ्यात तोच शर्ट संध्याकाळपर्यंत हुडहुडी भरवतो. जीन्सची गत तर आणखी वाईट. एका सरीत ती मांड्यांना चिकटते आणि हॉटेलच्या खोलीत रात्रभर टांगूनही शिवणींपाशी ओलीच राहते. म्हणून माझं पहिलं स्पष्ट मत: लंडनच्या एप्रिलसाठी जीन्स बॅगेत नकोच. हलक्या, पटकन वाळणाऱ्या मिश्र धाग्याच्या दोन पँट घ्या, एक गडद निळी आणि एक राखाडी. त्या रात्री धुवून कोरड्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून पिळल्या की सकाळी घालता येतात.

आता मुख्य मुद्दा, लोकरीचा. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रवासाच्या खरेदीत सगळ्यांत कमी विचार याच गोष्टीचा होतो. लोकर म्हटलं की आपल्यापुढे जाड, टोचरा स्वेटर येतो आणि आपण त्याऐवजी फुगीर जॅकेट घेतो. हे जॅकेट ट्यूबमध्ये शिरताच नकोसं होतं, कारण डब्यात, दुकानात, संग्रहालयात सगळीकडे ऊब असते. मग ते काढून दिवसभर हातात वागवायचं.

लोकरीचा तंतू या बाबतीत विलक्षण आहे. त्याचं बाहेरचं आवरण पाण्याचा थेंब सहजासहजी आत घेत नाही, पण आतला भाग घामाची वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात ठेवूनही लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय ओलावा शोषताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. म्हणून किंचित भिजलेली लोकर ऊब देत राहते आणि भिजलेला सुती कपडा ती काढून घेतो. तिला घामाचा वासही लवकर लागत नाही. एकच स्वेटर तीन-चार दिवस खुशाल घालता येतो आणि बॅग आपोआप हलकी होते.

हे शहाणपण आपल्याला परकं नाही. माणदेशातला धनगर भर पावसात मेंढरांमागे उभा असतो तो घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन. दख्खनी मेंढीची ती राठ लोकर, सनगरांच्या हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. नवी घोंगडी हातात घेऊन पाहा. मेंढीच्या लोकरीतला तेलकटपणा बोटांना जाणवतो आणि वरून पाणी शिंपडलं तर थेंब काही वेळ तसेच वर बसून राहतात. आत असलेल्या माणसाला पाऊस लागतो उशिरा आणि थंडी त्याहून उशिरा. लंडनला घोंगडी नेण्याची गरज नाही. तिचं तत्त्व नेलं की पुरे. मऊ, बारीक मेरिनो लोकरीचे दोन पातळ स्वेटर, एक गोल गळ्याचा आणि एक पुढून बटणांचा. त्यांच्या आत पातळ बनियन किंवा टॉप. आपल्याकडे मार्चमध्ये दुकानांतून लोकरी माल गायब झालेला असतो, म्हणून जानेवारीच्या सेलमध्ये घेऊन ठेवणं उत्तम. ते राहून गेलं असेल तर लंडनमधल्या चॅरिटी शॉपमध्ये चांगला वापरलेला लोकरी स्वेटर कमी पैशांत मिळू शकतो.

लोकरीवर वारा अडवणारा कोट हवा. इथे मी ट्रेंच कोटाच्या बाजूने ठामपणे उभा आहे. बेसिंगस्टोकचे कापडविक्रेते थॉमस बर्बरी यांनी 1879 मध्ये गॅबर्डीन शोधलं. सूत विणण्याआधीच जलरोधक करायचं आणि मग तिरक्या विणीत घट्ट बसवायचं, ही त्यांची युक्ती. त्याआधीचे रबर लावलेले कोट पाणी अडवायचे, पण आतला माणूस घामाने भिजायचा. गॅबर्डीनमधून हवा खेळते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या कापडाचे कोट घातले आणि त्यांवरची प्रत्येक पट्टी कामाची होती. खांद्यावरून छातीवर येणारी जादा घडी पावसाचं पाणी शिवणीत शिरू देत नाही, मागचा पदर ते पाठीवरून खाली सोडतो. आज आपण ज्याला रुबाब म्हणतो, तो गरजेतून आला आहे. महागड्या नावाची गरज नाही. घट्ट विणीचा, मांडी झाकणारा, आत स्वेटर मावेल इतका सैल कोट कुठल्याही कंपनीचा चालेल. कमरेपर्यंतच्या जॅकेटवरून ओघळणारं पाणी थेट पँटवर येतं, एवढं लक्षात ठेवा.

बाही नळाखाली धरून बघा. थेंब घसरले तर कोट कामाचा, कापड लगेच गडद झालं तर नाही. पाणी घसरवणाऱ्या लेपांत वर्षानुवर्षं वापरले गेलेले फ्लोरिनयुक्त पदार्थ, म्हणजे पीफास, निसर्गात सहजासहजी नष्ट होत नाहीत. फ्रान्सने 1 जानेवारी 2026 पासून, काही अपवाद वगळता, असे पदार्थ असलेल्या कपड्यांवर बंदी घातली आहे, आणि हे पाऊल योग्यच आहे. लंडनच्या सरींसाठी इतकं जहाल रसायन लागत नाही. लेबलवर ‘पीफासमुक्त’ लिहिलेलं असेल तोच कोट घ्या.

छत्री छोटी, घडीची, बॅगेत असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. वारा तिला उलटी करतो आणि टेकडीवर ती उघडण्यात अर्थ नसतो. कोटाला टोपी असेल तर उत्तम.

बुटांकडे मात्र काटेकोरपणे पाहा. जाळीचे स्पोर्ट्स शूज प्रिमरोज हिलच्या ओल्या गवतात पाच मिनिटांत आत पाणी घेतात. घोट्यापर्यंतचे, रबरी तळाचे, मेण लावलेले चामडी बूट घ्या आणि निघण्याआधी निदान दोन आठवडे ते घालून रोज चाला. सोबत लोकरीचे मोजे. लॉर्ड्सवर एप्रिलमध्ये कौंटी सामना असला, तर उघड्या स्टँडमध्ये बसल्यावर थंडी पायांपासूनच चढते.

साडी नेसणाऱ्या आई-आजींनी साडी सोडायचं कारण नाही. सुती साडी मात्र घरी ठेवा. तिच्या निऱ्या खालून पाणी ओढतात. क्रेप किंवा जॉर्जेट साडी घोट्याच्या थोडी वर नेसावी, आत पातळ थर्मल, वर पूर्ण बाह्यांचा लोकरी ब्लाउज आणि कोट. रेशमी किंवा पश्मिना स्टोल प्रत्येकाने घ्यावा. कोट खाकी किंवा निळा असला तरी गळ्याशी राणी किंवा हळदी रंग असला की फोटो खुलतो.

एवढ्यात आठवडा आरामात निघतो: दोन पँट, दोन स्वेटर, चार टॉप, एक कोट, एक स्टोल, एक जोडी बूट आणि खोलीत घालायला चपला. बऱ्याच विमान कंपन्यांच्या 7 किलोच्या हातबॅगेत हे सगळं बसतं, कारण कोट आणि बूट अंगावर असतात. पैसे मोजकेच असतील तर ते आधी बुटांवर, मग लोकरीवर आणि शेवटी कोटावर खर्च करा. कोट शेजाऱ्यांकडून मागून आणता येतो, पण बूट स्वतःच्या मापाचेच लागतात.