कार्बाइन आणि तिचे सुटे भाग

हातात मावणाऱ्या, धडधड गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक बंदुकीला मराठीत ‘स्टेनगन’ म्हणण्याची सवय आहे. प्रत्यक्षात अंगरक्षकाच्या खांद्यावर दिसणारी ती बंदूक स्टेन असण्याची शक्यता फार कमी. बहुधा ती कानपूरला झालेली स्टर्लिंगची आवृत्ती असते आणि पोलिसांच्या बोलण्यात तिचे नाव ‘कार्बाइन’. शस्त्रांच्या वर्गवारीत हा सगळा गोतावळा सबमशीनगन या नावाखाली येतो. पिस्तुलाचे काडतूस वापरणारी, खांद्याला लावून झाडायची, चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत चालत राहणारी बंदूक, एवढी तिची व्याख्या. रायफलीचे काडतूस अशा हलक्या बंदुकीला पेलत नाही, आणि साध्या पिस्तुलाचा मारा खंदकातल्या झटापटीला पुरत नाही. या दोहोंमधली गरज पहिल्या महायुद्धाने निर्माण केली.

आतली रचना बघणाऱ्याला थक्क करील इतकी साधी आहे. जड पोलादी बोल्ट स्प्रिंग दाबून मागे अडकवलेला असतो. चाप ओढला की तो पुढे झेपावतो, वाटेत मॅगझिनमधले एक काडतूस ढकलत नळीच्या तोंडाशी नेतो आणि तिथे ते उडते. त्याच धक्क्याने बोल्ट मागे फेकला जातो, रिकामे पुंगळे बाहेर पडते आणि पुन्हा तेच. ब्रीच कुलूपबंद करणारी यंत्रणा लागत नाही. बोल्टचे वजनच ते काम करते. जुन्या बंदुकांचा अभ्यासक म्हणूनच बोल्ट, स्प्रिंग आणि मॅगझिन या तीन वस्तू आधी पाहतो. सर्वाधिक झीज तिथे असते आणि सर्वाधिक अदलाबदलही तिथेच झालेली असते.

मराठी माणसाशी या शस्त्राची ठळक गाठ पडली ती इटलीत, आणि तीही अमेरिकन बंदुकीमुळे. जॉन थॉम्पसन यांच्या नावाची ‘टॉमीगन’ पॉइंट ४५ इंची काडतूस वापरत असे आणि रिकामीच साडेचार किलोंच्या पुढे भरे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने धाव घेतली, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठेचले. त्यांनी जिंकलेल्या त्याच मोर्चात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना मारले. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांनी टॉमीगनने एक मशीनगन गप्प केली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि बॉम्ब हाती घेतले. घाडगे रायगड जिल्ह्यातले, जाधव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर.

या दोन्ही प्रसंगांत बंदुकीचे जे झाले ते संग्राहकाने नीट ध्यानात घ्यावे. एक सोट्यासारखी वापरली गेली, दुसरी टाकून दिली गेली. युद्धातून परतलेली बंदूक क्वचितच कारखान्यातून निघाली तशी उरते. टॉमीगनमध्ये तर हा गुंता फारच. १९२८ च्या नमुन्यात बोल्ट ओढण्याची मूठ वर होती, नळीवर उष्णता जाण्यासाठी कडी कोरलेली असत आणि दस्ता एका खटक्याने सुटत असे. युद्धाच्या घाईत काढलेल्या ‘एम वन’मध्ये मूठ उजवीकडे गेली, कडी गेली, दस्ता कायमचा बसवला गेला आणि मूळ आराखड्यातला ब्लिश नावाचा काशाचा अडसरही काढून टाकला गेला. बंदूक त्याच्यावाचूनही उत्तम चालली. दोन नमुन्यांचे भाग लष्करी दुरुस्तीत मिसळत गेले. त्यामुळे ‘सगळे भाग मूळचे’ अशी टॉमीगन दाखवणाऱ्याकडे जाणकार थोडे संशयानेच पाहतात.

स्टेनची गोष्ट उलट्या टोकाची. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांनी शस्त्रांचे ढीग मागे सोडले होते आणि अमेरिकन टॉमीगन महाग पडत होती. १९४१ मध्ये रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी नळकांडे, दाबून वळवलेला पत्रा आणि जोडकाम यांतून एक बंदूक उभी केली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि एन्फिल्डचे ‘एन’ मिळून ‘स्टेन’. दुसऱ्या नमुन्याचे सगळे सुटे भाग मोजले तर पन्नासच्या आत येतात. तिसरा नमुना तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी करणाऱ्या कंपनीने काढला. चाळीस लाखांच्या आसपास स्टेन तयार झाल्या. वजन तीन किलोंच्या थोडे वर, मॅगझिन डाव्या बाजूला आडवे, त्यात ३२ काडतुसे मावत, पण शहाणा सैनिक दोन-तीन कमीच भरी.

कारण स्टेनची खोड मॅगझिनमध्ये होती. दोन ओळींत बसलेली काडतुसे तोंडाशी एका ओळीत येताना अडकत आणि पत्र्याच्या ओठांना जरा पोचा आला की बंदूक रुसे. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी हाइड्रिख याच्यावर रोखलेली स्टेन ऐन वेळी चाललीच नाही. बॉम्बने काम भागवावे लागले. उलटपक्षी ती नको तेव्हा चालेही. बोल्ट पुढे असताना, मॅगझिन लावलेली स्टेन दस्त्यावर आपटली तर आपोआप गोळी सुटण्याचा धोका असे. हे सगळे असूनही फाळणीनंतरच्या काश्मीर युद्धात भारतीय पायदळाच्या हातात स्टेन होतीच. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेराजवळच्या तैनधारवर नाईक जदुनाथ सिंह सगळे सहकारी पडल्यावर स्टेन घेऊन एकटेच शत्रूवर धावून गेले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले.

स्टेनचे दोष दूर केले ते जॉर्ज पॅचेट यांनी. डॅगनहॅमच्या स्टर्लिंग कंपनीसाठी त्यांनी केलेली बंदूक १९५३ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारली. तिचे ३४ काडतुसांचे मॅगझिन वक्र आहे आणि आत काडतुसे उचलणाऱ्या तबकडीच्या जागी दोन रूळ आहेत, त्यामुळे अडकण्याचा प्रश्न जवळजवळ संपला. बोल्टवर मळसूत्रासारख्या धारदार खाचा आहेत. बोल्ट पुढेमागे होताना धूळ, काजळी आणि वाळू त्याच कापून बाजूला सारतात. मिनिटाला साडेपाचशेच्या आसपास गोळ्या, वजन पावणेतीन किलो, दस्ता घडीचा. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने हीच बंदूक १ए१ कार्बाइन या नावाने भारतीय लष्करासाठी केली; तिची आवाज दाबणारी आवृत्ती म्हणजे २ए१. स्टर्लिंग कंपनी १९८८ मध्ये बुडाली, पण कानपूरची कार्बाइन पुढेही चालत राहिली.

युरोप-अमेरिकेत या बंदुकांचे सुटे भाग जमवणे हा स्वतंत्र नाद आहे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने स्वयंचलित बंदुकीची नोंद आणि २०० डॉलरचा कर सक्तीचा झाला आणि १९८६ मध्ये नागरिकांसाठी नव्या नोंदी बंद झाल्या. तेव्हापासून नोंदीतल्या जुन्या बंदुकांची संख्या गोठली आणि किंमत चढत गेली. मोडीत काढलेल्या बंदुकांचे, मुख्य नळकांडे आगीने कापलेले संच तिथे भाग म्हणून विकले जातात. अशा संचातून जाणकार शोधतो ते शिक्के: कॅनडातल्या लाँग ब्रँचचा, लिव्हरपूलजवळच्या फझाकर्लीचा, बीएसए कंपनीचा. एकाच कारखान्याचे, एकाच काळातले भाग जुळवणे हे खरे कसब. मग लक्षात येते की स्टेनच्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्दच अडचणीचा आहे. तिचे भाग पन्नास ठिकाणी बनत आणि एका ठिकाणी जुळवले जात. मिश्रण हीच तिची मूळ अवस्था.

भारतात हा नाद खाजगी माणसाला शक्य नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये चाप दाबलेला असेपर्यंत गोळ्या सुटत राहणारी बंदूक प्रतिबंधित शस्त्रांत मोडते आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. कलम ४५ कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट देते, पण दुरुस्त करूनही असे शस्त्र झाडता येऊ नये, ही अट त्या सवलतीला जोडलेली आहे. जोडीच्या इतर भागांसोबत वापरायचे नसलेले किरकोळ सुटे भागही या सवलतीत बसतात. म्हणजे जी वस्तू पुन्हा जिवंत करता येते ती घरी ठेवता येत नाही. या मर्यादेत जुन्या बंदुकीची ‘दुरुस्ती’ हा शब्द चुकीचा ठरतो. उरते ते जतन.

ते जतन पलटणींच्या आणि पोलिसांच्या कोतांत, म्हणजे शस्त्रागारांत, आणि लष्करी संग्रहालयांत होते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात असे संग्रहालय आहे. प्रदर्शनात ठेवायची बंदूक आधी कायमची निकामी करतात. पुढचे काम वस्तूचे वय टिकवण्याचे. नवशिक्याचा पहिला मोह चकाकी आणण्याचा असतो आणि तोच सर्वांत घातक. घासकाम केले की पृष्ठभागाबरोबर शिक्के, क्रमांक आणि पलटणीच्या खुणाही जातात. टॉमीगनचे निळसर काळे ब्लूइंग, युद्धकाळातल्या बंदुकांचा फॉस्फेटचा राखाडी थर आणि स्टर्लिंगचा सुरकुतलेला काळा रंग हे तीन वेगळे लेप आहेत. एकावर दुसऱ्याची दुरुस्ती चढवली की वस्तू खोटी होते. गंज काढायचा तो तेल आणि मऊ कापडाने, धीर धरून. नळीसाठी फौजेतली जुनी पुलथ्रूची दोरी आणि चिंधी अजून पुरेशी आहे. लाकडी दस्त्याला वार्निश नको, जवसाचे तेल हवे, तेही बोटभर. लोखंडाला कोरडी हवा मानवते, लाकूड मात्र तिच्यात तडकते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पावसाळा दमट असतो, तेव्हा इथे दोघांनाही वर्षातून एकदा त्रास होतोच. खंडेनवमी-दसऱ्याला पोलीस मुख्यालयात शस्त्रपूजा होते. हळदकुंकवाचे ओले बोट वेळीच पुसले नाही तर नळीवर त्याचा डाग राहतो. आर्मरर लोक पूजा आटोपताच कापड घेऊन का धावतात, ते यामुळे.

बंदुकीचा जो भाग सर्वाधिक संख्येने बनतो आणि सर्वांत आधी नाहीसा होतो तो म्हणजे काडतूस. इथे खानदेशातल्या मुक्ताईनगरचा परिसर, म्हणजे जुने एदलाबाद, या कथेत शिरतो. मुक्ताईनगरहून भुसावळकडे निघाले की महामार्गावर वरणगाव लागते. तिथला आयुध कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय पायदळ पॉइंट ३०३ सोडून ७.६२ मिमीच्या रायफलीकडे वळत होते आणि तिला काडतुसे हवी होती, पुढे ५.५६ मिमीची काडतुसेही इथे होऊ लागली. भुसावळचा कारखाना त्याहून जुना, १९४९ चा, पण तिथे दारूगोळा होत नाही. त्याची पिंपे आणि डबे होतात. कार्बाइनचे ९ मिमी काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याने बनवले. तो १८६९ पासूनचा. २०२१ मध्ये आयुध मंडळ मोडले तेव्हा वरणगाव आणि खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेले, भुसावळ यंत्र इंडियाकडे आणि कानपूर तिसऱ्याच कंपनीकडे.

पितळी चकती एकापाठोपाठ एक साच्यांतून ओढून पुंगळे लांबवतात, मधूनमधून तापवून मऊ करतात, आणि तळाशी ठसा मारतात. वरणगावचा ठसा ‘ओएफव्ही’, खडकीचा ‘केएफ’. ९ मिमीच्या खडकी काडतुसावर त्यापुढे ‘९एमएम २झेड’ असते. २ हा ब्रिटिश नमुन्याचा क्रमांक आणि ‘झेड’ हे नायट्रोसेल्युलोजच्या दारूचे चिन्ह. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे ब्रिटिश परिभाषा पुंगळ्याच्या बुडाशी टिकून राहिली, ती अशी. जगभरच्या काडतूस-संग्राहकांना हे ठसे पाठ असतात. वरणगावात फॅक्टरीच्या वस्तीत वाढलेल्या अनेकांना मात्र आपल्या गावाच्या नावाचे आद्याक्षर पितळेवर कोरलेले परदेशी संग्रहात पोचले आहे, याची कल्पना नसते. गोळी झाडून रिकामे झालेले पुंगळे मोजून परत करावे लागते, आणि भारतीय शस्त्रांच्या मूळ भागांचा सर्वांत काटेकोर हिशेब बहुधा हाच असावा.

कार्बाइनची जागा घ्यायला दोन देशी नमुने पुढे आले. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने कानपूरबरोबर केलेली ५.५६×३० मिमीची जेव्हीपीसी हा एक. दुसरा ‘अस्मी’, महू येथील इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी चार महिन्यांत केलेला ९ मिमी नमुना, जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेला. त्याचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा आणि चापाचे काही भाग त्रिमिती मुद्रणाने धातूत घडवलेले.  उद्याच्या जतनकाराला इथे जवसाचे तेल उपयोगी पडणार नाही. कार्बन फायबर जपण्याची आणि मुद्रित भागांवरचे शिक्के वाचण्याची रीत अजून बहुधा कोणत्याही कोतात लिहिलेली नाही.