‘अंगातच असावं लागते’ म्हणणाऱ्यांसाठी 🏃

घाटंजीत पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोट्ट्यांना हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग अविनाश साबळे बघा.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळा सहा किलोमीटर लांब, त्यामुळे लहानपणापासून रोजची पायपीट. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनची ड्यूटी केली आणि 2015 नंतर शर्यतींकडे वळला. मध्ये वजन वाढलं, तर तीन महिन्यांत सुमारे 20 किलो उतरवलं!

2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य. सुवर्ण हुकलं फक्त 0.05 सेकंदाने. 2023 मध्ये आशियाई सुवर्ण. 2024 मध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम.

म्हणजे सगळं सरावावरच? तसंही नाही. सारखाच व्यायाम करूनही कुणाचा दमसास झपाट्याने वाढतो, कुणाचा जेमतेम. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. 2016 च्या एका व्यापक विश्लेषणात खेळाडूंच्या कामगिरीतला सुमारे 18 टक्के फरकच सरावाने स्पष्ट झाला. बाकी देणगी, प्रशिक्षक, आहार, संधी.

पण देणगी आहे की नाही, हे धावल्याशिवाय कळणार कसं? शिवाय भरतीत मुलांना 1600 मीटरचे 20 गुण आहेत. तिथे ऑलिंपिकची देणगी लागत नाही, रोजची पहाट लागते.

तुमचा अनुभव काय? कमेंटमध्ये सांगा.

#घाटंजी #अविनाशसाबळे #पोलीसभरती