सावित्रीच्या काठाने : एक कौटुंबिक सहल

महाडला आपण जातो ते २० मार्चला, नाहीतर २५ डिसेंबरला. पहाटे गाडीत बसायचे, गर्दीतून वाट काढत चवदार तळ्यावर पोहोचायचे, क्रांतिस्तंभाला अभिवादन करायचे आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचे. आमच्या आईच्या आजवर अशा कितीतरी खेपा झाल्या. पण परवा ती सहज बोलून गेली, "अरे, महाडला नदी आहे म्हणतात. मी कधी बघितलीच नाही." तेव्हा आम्ही ठरवले की या वेळी गर्दीचा दिवस सोडून जायचे आणि तळ्याबरोबर सारा मुलूख बघायचा. जानेवारीतला एक शनिवार-रविवार धरून आई, आम्ही दोघे आणि दोन मुले असे पाच जण निघालो.

दासगावचे बंदर

कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरलो. तिथून महाड जवळच आहे. वाटेत दासगाव लागते. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत येते, इथे तिची खाडी होते आणि पुढे बाणकोटजवळ ती समुद्राला मिळते. एके काळी या खाडीतून मुंबईच्या बोटींची ये-जा असे.

डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला येताना बाबासाहेब याच वाटेने आले. रस्त्यावरचे मोटारवाले आपल्या लोकांना नेतील की नाही, याची शंका होती. म्हणून ते 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला दुपारी दासगावला उतरले. हजारो सत्याग्रही स्वागताला उभे होते. तिथून ते पाच मैल पायी महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. आता खाडीकाठी सारे शांत आहे. आमची मुले बराच वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली. पुस्तकातला धडा त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होता.

डोंगरातले पाणी

महाडच्या अलीकडे, महामार्गाला लागूनच गांधारपाल्याची लेणी आहेत. सावित्री आणि गांधारी या नद्यांचा संगम इथून जवळच आहे. डोंगराच्या कुशीत तीसेक लेणी कोरलेली आहेत. चढ फार नाही. आईनेही थांबत थांबत तो पार केला. वर बुद्धमूर्ती आहेत, चैत्य आहेत, भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत आणि पाण्याची टाकी आहेत.

इथे ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि येण्याजाण्याची वाट, असे ते दान. आम्ही हे आईला सांगितले. ती टाक्याच्या काठावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे त्या काळी पाणी दान देत होते. आणि इथून हाकेच्या अंतरावर आपल्या माणसांना पाण्यासाठी मार खावा लागला." यावर आम्हाला काही बोलता आले नाही.

बाबासाहेबही महाड मुक्कामी सहकाऱ्यांसह इथली प्राचीन बौद्ध लेणी पाहायला गेले होते. तिथल्या दगडी आसनांवर कुणी बसू नये, असे त्यांनी सोबतच्यांना बजावले होते. म्हणून लेण्यांत जाताना एवढे पाळावे : भिंतीवर नावे कोरू नयेत आणि खाऊचे कागद परत घेऊन यावेत.

तळ्याकाठी

दुपारी चवदार तळ्यावर गेलो. एरवी इथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्या दिवशी मात्र पायऱ्यांवर निवांत बसता आले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण पाणी कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा ते खऱ्या अर्थाने खुले झाले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि कोर्टात दावाही लागला. तो उच्च न्यायालयात १९३७ साली आपल्या बाजूने सुटला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

धाकट्याने विचारले, "आजी, हे पाणी आता कुणी पीत नाही, मग एवढं भांडण कशाला?" आई म्हणाली, "बाळा, तहान लागली म्हणून नव्हते प्याले रे ते. आपणही माणसं आहोत, हे सांगायला प्याले."

नदीचा राग

बाजारात एका चहाच्या टपरीवर बसलो. चहावाल्याने भिंतीवर आमच्या डोक्यापेक्षा उंच बोट लावून दाखवले, "एकवीस साली पाणी इथवर होतं." २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडाले आणि त्याच दिवशी याच तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा जुना दगडी पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला होता. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला. पण घरातले गेलेले माणूस पुलासारखे परत उभे राहत नाही. पूर येतो तेव्हा आधी सखलातली, कष्टकऱ्यांची घरे बुडतात, हे मुंबईच्या चाळी-झोपडपट्टीत राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून पावसाळ्यात या भागात सहल काढू नये. एरवीही नदीत पोहायला उतरू नये. सावित्रीत मगरी आहेत. काठावरून त्या ऊन खाताना दिसतात आणि मुलांना त्याचीच मौज वाटते.

आणखी काय बघाल?

दुसऱ्या दिवशी रायगड केला. महाडहून तो सुमारे पंचवीस किलोमीटर. पायऱ्या चौदाशेच्या घरात आहेत. १९९६ पासून रोपवे आहे, त्यामुळे आईलाही शिवरायांच्या समाधीपर्यंत जाता आले. पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. जोतिरावांनी शिवरायांवर पोवाडा रचून १८६९ साली प्रसिद्ध केला, हे मुलांना वर गडावरच सांगितले. वेळ असेल तर काळ नदीवरची वाळणकोंड बघावी. तिथल्या डोहातले मोठमोठे मासे गावकरी पकडत नाहीत, जपतात. सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत. पोलादपूरजवळ उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. आणि महाडजवळचे रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. बाबासाहेबांच्या आधी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या या पेन्शनर शिपायाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

खर्चाचे म्हणाल तर घरून भाकरी, सुकटाची चटणी आणि पाणी न्यावे. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास त्याआधीच्या वर्षापासून मोफत आहे. आधारकार्ड मात्र जवळ ठेवावे.

परतताना पुलावर आईने रिक्षा थांबवायला लावली. खाली सावित्री संथ वाहत होती. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "आता बघितली."

वाचकहो, २० मार्चला जरूर जा. त्या दिवसाची गर्दी ही आपली ताकद आहे. पण एकदा साध्या दिवशीही घरच्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन जा. तळ्याच्या पायरीवर त्यांना शेजारी शेजारी बसवा. पुढचे ती आपसात बोलतील.