गोळी सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे

पॅनिक डिसऑर्डरवरच्या औषधांनी बहुतेकांना आराम पडतो. पण रुग्णाला ज्या धडधडीची, ज्या अस्वस्थतेची धास्ती असते, तीच सुरुवातीचे काही दिवस या औषधांमुळे वाढू शकते. हे आधीच नीट सांगितलं, तर अर्ध्यावर सुटणारे किती तरी उपचार टिकतील.

न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये १९५९ च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन हे तरुण मनोविकारतज्ज्ञ काम करत होते. त्यांच्या वॉर्डात एक रुग्ण होता. दिवसातून तीन-चार वेळा तो नर्सच्या टेबलाकडे धावत यायचा आणि आपण आता मरणार, असं सांगायचा. कुणीतरी जवळ बसून धीर द्यायचं, थोड्या वेळाने सगळं ओसरायचं. तेव्हाच्या नेहमीच्या औषधांनी गुण आला नव्हता, म्हणून क्लाइन यांनी इमिप्रमिन हे त्या काळी नवं असलेलं औषध सुरू केलं. काही आठवडे गेले. रुग्णाला विचारलं तर म्हणाला, काहीच फरक नाही. त्याच्याशी रोज बोलणाऱ्या डॉक्टरांचंही तेच मत. फरक दिसला तो नर्सला. हा माणूस हल्ली टेबलाकडे धावत येत नाही, हे तिच्या लक्षात आलं.

झटके थांबले होते. पण झटका पुन्हा येईल ही धास्ती तशीच होती, आणि रुग्ण सांगत होता तो त्या धास्तीबद्दल. अचानक उसळणारी भीती आणि तिची वाट पाहत जगण्यातली चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे क्लाइन यांनी यातून ओळखलं. १९६२ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांची नवी वर्गवारी केली, तेव्हा 'पॅनिक डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान म्हणून तीत आलं.

रिपोर्ट नॉर्मल, त्रास खरा

पॅनिकचा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो. छातीत धडधड, दरदरून घाम, श्वास अपुरा पडणं, हातापायांना मुंग्या, गरगरणं, आणि 'आता हार्ट अटॅक येणार' किंवा 'आपण वेडे होणार' अशी खात्री. रुग्णाला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलं जातं, ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो आणि 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असं सांगून घरी पाठवलं जातं. हृदय, थायरॉइड, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन हे सगळं एकदा तपासायलाच हवं. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून रुग्णाला काही झालंच नाही, असं होत नाही. धोका ओळखून शरीराला पळायला किंवा लढायला सज्ज करणारी मेंदूतली यंत्रणा समोर धोका नसताना पूर्ण ताकदीने सुरू होते. अ‍ॅड्रेनालिन खरोखरच वाढतं, नाडी खरोखरच धावते. ही नुसती 'मनाची समजूत' नसते.

एखादा झटका आयुष्यात कधीतरी पुष्कळांना येऊन जातो. झटके वारंवार येऊ लागले, पुढच्या झटक्याची धास्ती महिनाभर पाठ सोडेना, किंवा माणूस लोकल, लिफ्ट, बाजार, एकट्याने प्रवास टाळू लागला, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. बहुधा विशी-तिशीत तो सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये साधारण दुपटीने आढळतो.

औषध आधी उलटं का वागतं?

आज बहुतेक रुग्णांना आधी एसएसआरआय गटातली गोळी दिली जाते. सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही त्यांतली ओळखीची नावं. सेरोटोनिन हे रसायन एका चेतापेशीतून सुटतं, पुढच्या पेशीला निरोप देतं आणि पुन्हा आधीच्या पेशीत ओढून घेतलं जातं. ही ओढून घेण्याची वाट या गोळ्या अडवतात. काही तासांतच हे काम होतं. मग आराम पडायला दोन ते सहा आठवडे का लागतात?

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि येणारं पाणी थांबतं. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवरही असे फ्लोट असतात. आसपास सेरोटोनिन वाढल्याचं कळताच ते पेशीचं काम मंदावतात. म्हणजे गोळीने वाढवायचं आणि मेंदूने आवरायचं, अशी सुरुवातीला ओढाताण चालते. काही आठवडे पातळी वर राहिली, की हे फ्लोट हळूहळू निबर होतात आणि औषधाचा खरा परिणाम दिसू लागतो. तोवर वाढलेलं सेरोटोनिन भीतीशी संबंधित भागांतल्या, त्याचा निरोप झेलणाऱ्या काही ग्राहींना (रिसेप्टरना) डिवचतं, आणि त्यातून सुरुवातीची बेचैनी, थरथर, झोपमोड होत असावी, असं संशोधक मानतात. सेरोटोनिन 'कमी पडलं' म्हणून पॅनिक होतं, एवढं हे गणित सरळ नाही. मेंदूची यंत्रणा नव्या पातळीशी जुळवून घेते, आणि आराम त्या जुळवून घेण्यातून येतो.

मळमळीचं कारण याहून सोपं आहे. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असतं. गोळी मेंदूचा पत्ता शोधत थेट वर जात नाही, ती सगळीकडे पोचते. म्हणून पोटात कालवाकालव, पातळ जुलाब, भूक मंदावणं हे पहिल्या आठवड्यात बरेचदा दिसतं. त्याच्या जोडीला डोकेदुखी, तोंडाला कोरड, जास्त घाम, वारंवार जांभया, कुणाला झोप न येणं तर कुणाला दिवसभर पेंग येणं असंही होतं. यातलं बरंचसं दोन-तीन आठवड्यांत आपोआप निवळतं.

पॅनिकच्या रुग्णालाच हे दुष्परिणाम का जड जातात?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं एक चक्र मांडलं. छातीत जराशी धडधड होते. मन तिचा अर्थ लावतं: काहीतरी भयंकर घडतंय. त्या अर्थानेच भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा पुरवते. काही फेऱ्यांत पूर्ण झटका उभा राहतो. अशा माणसाचं लक्ष चोवीस तास स्वतःच्या नाडीवर, श्वासावर असतं.

आता याच माणसाला अशी गोळी द्या, जिने चार दिवस छातीत हलकी धडधड आणि हाताला कंप येईल. नैराश्यासाठी हीच गोळी घेणारा रुग्ण 'गोळीने जरा अस्वस्थ वाटतंय' म्हणून पुढे जाईल. पॅनिकचा रुग्ण तिसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी कपाटात टाकतो आणि ठरवतो, आपल्याला औषधं सोसत नाहीत. त्यात घरातूनही पुस्ती मिळते. 'उष्ण पडल्या असतील, बंद कर बरं त्या डोक्याच्या गोळ्या, ताक पी.' हेतू मायेचाच असतो. पण औषध काम करायला लागण्याआधीच उपचार संपतो, आणि 'औषधांनी उलट बिघडलं' ही आठवण पुढची काही वर्षं पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ देत नाही.

म्हणून या आजारात दुष्परिणामांची आगाऊ माहिती हा उपचाराचाच भाग आहे. आधी सांगितलेली धडधड आणि अचानक उद्भवलेली धडधड शरीरात सारखीच असते, पण मन तिचा अर्थ वेगळा लावतं. चक्र तुटतं ते त्या अर्थापाशी.

हे दिवस कसे काढावेत?

पहिली गोष्ट डॉक्टरांच्या हातातली आहे: कमी डोसपासून सुरुवात. नैराश्यात सर्ट्रालिन बहुधा ५० मिलिग्रॅमपासून देतात, पॅनिकमध्ये २५ पासून. एसिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमवर सुरू करून आठवड्याने १० वर नेतात. काहींना त्याहूनही सावकाश जावं लागतं. सुरुवातीचा डोस सोसत नसेल, तर स्वतःच बंद न करता फोन करून 'आणखी कमी करता येईल का' हे विचारावं. डॉक्टरांकडे यावर बहुतेक वेळा तोडगा असतो.

दुसरी गोष्ट वही. तिच्यात फार लिहायचं नसतं. 'सोमवार. ८ वाजता नाश्त्यानंतर अर्धी गोळी. १० ला मळमळ, १२ ला गेली. ४ ला धडधड, चालून आल्यावर कमी. रात्री झोप २ वाजता.' एवढं पुरतं. आठवड्याभराच्या नोंदी समोर ठेवल्या की दोन गोष्टी दिसतात: त्रास येतो आणि जातोही, आणि पाचव्या दिवसाची मळमळ दुसऱ्या दिवसाइतकी नसते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी आणि पेंग येत असेल तर रात्री घ्यावी का, हा निर्णयही डॉक्टर याच नोंदींवरून घेऊ शकतात. आणि क्लाइन यांच्या रुग्णाप्रमाणे आपल्याला स्वतःचा फरक जाणवत नसला, तरी आठवड्यातले झटके मोजले की तो कागदावर दिसतो.

बाकीची पथ्यं साधी आहेत. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. चहा-कॉफी कमी करावी, कारण कॅफिन स्वतःच धडधड वाढवतं. दारू टाळावी. ती त्या रात्री शांत करते आणि उतरताना चिंता वाढवते. रोज थोडं चालावं; चालण्याने वाढलेली नाडी घातक नसते, हा धडा शरीराला त्यातून मिळतो. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामकांबाबत मात्र सावध राहावं. एसएसआरआयसोबत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधं सेरोटोनिन गरजेपेक्षा फार वाढवू शकतात. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगावीत, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंसुद्धा.

सुरुवातीच्या दिवसांसाठी डॉक्टर कधीकधी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम जोडीला देतात. या गोळ्या लवकर शांत करतात, आणि त्यांचा धोकाही त्यातच आहे. काही आठवडे रोज घेतल्या की शरीर त्यांना सरावू शकतं आणि सोडणं अवघड होतं. म्हणूनच आपल्याकडे अल्प्राझोलाम 'शेड्यूल एच-१' मध्ये आहे. ते चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे. थोडे दिवस, ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीत, एवढीच या दोन्ही गोळ्यांची जागा. 'सवय लागते' ही भीती लोकांना असते ती या गोळ्यांची, आणि ती जाते मात्र एसएसआरआयच्या खात्यावर. एसएसआरआयची तल्लफ लागत नाही आणि परिणामासाठी डोस चढवत जावा लागत नाही.

वाट पाहू नये अशी लक्षणं

सगळंच सहन करायचं नसतं. जगणं नकोसं वाटू लागलं, मन स्वतःला इजा करण्याकडे वळू लागलं, एका जागी बसवेना इतकी अस्वस्थता आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. पंचविशीच्या आतल्या तरुणांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना घरच्यांनी विशेष लक्ष द्यावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलचा ठळक इशारा २००४ मध्ये मुलांसाठी लागू केला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत वाढवला. झोपेची गरजच न वाटणं, अखंड बडबड, मोठमोठे बेत आखणं हे वेगळ्याच, म्हणजे बायपोलर आजाराचं लक्षण असू शकतं. घरात कुणाला बायपोलर आजार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावं. ताप, स्नायूंना झटके आणि गोंधळ एकत्र दिसले, अंगावर पुरळ आलं, किंवा वयस्कर माणूस अचानक गळून जाऊन बरळू लागला, तर थेट रुग्णालय गाठावं. वयस्करांमध्ये रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं. डॉक्टर हाताशी नसतील, तर १४४१६ ही सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बरं वाटू लागल्यावर

झटके थांबले म्हणून गोळी लगेच थांबत नाही. आराम पडल्यानंतर बहुधा वर्षभर तरी औषध चालू ठेवतात आणि मग काही आठवडे, कधी काही महिने घेऊन डोस उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखं होऊ शकतं. शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या पॅरॉक्सेटिनमध्ये हे जास्त दिसतं, रेंगाळणाऱ्या फ्लुऑक्सेटिनमध्ये कमी. लैंगिक इच्छा मंदावणं, वजन वाढणं हे दुष्परिणाम आपोआप न जाता टिकू शकतात. ते संकोचाने दाबून ठेवू नयेत. गोळी बदलता येते.

औषधाच्या जोडीने, आणि काहींच्या बाबतीत औषधाऐवजीही, वर्तन-बोधन उपचार उपयोगी पडतात. त्यात समुपदेशक रुग्णाला गोल फिरायला लावून मुद्दाम गरगरवतो, जिने चढायला लावून धडधडवतो, आणि ती जाणीव काहीही न करता ओसरते हे त्याला स्वतःला अनुभवू देतो.

पॅनिकच्या रुग्णाने दवाखान्यात येईपर्यंत बहुधा बरीच हिंमत खर्च केलेली असते. त्याला चिठ्ठी देताना डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून सांगावं: पहिले दोन आठवडे कदाचित जड जातील, काय होईल, किती दिवस टिकेल, कोणत्या लक्षणाला फोन करायचा. घरच्यांनी त्या दोन आठवड्यांत गोळी बंद करायचा सल्ला देऊ नये, रोजची वही भरली का एवढं विचारावं. आणि रुग्णाने पुढच्या भेटीची तारीख चौदा दिवसांच्या आतली मागून घ्यावी. उपचार पुष्कळदा सुटतात ते याच दिवसांत. म्हणून सोबत सर्वांत जास्त हवी तीही याच दिवसांत.