आपोआप उघडणारें फाटक व रस्त्यांतील वेटोळें

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं मी एका आप्तांच्या भेटीस गेलों होतों. त्यांच्या वसाहतीस विजेवर चालणारें सरकतें लोखंडी फाटक आहे. एक मोटार आंत गेली, आणि तिच्या मागोमाग दहा-बारा वर्षांचा एक मुलगा सायकल हातीं धरून आंत येऊं लागला. तो मध्यावर आला असतांच फाटक मिटूं लागलें. पहारेकऱ्यानें धांवत जाऊन कळ दाबली म्हणून मुलगा वांचला. सायकलीचें पुढचें चाक मात्र वांकलें. मुलगा रडकुंडीस येऊन म्हणाला, "काका, फाटकाला मोटार दिसते, मग मी कसा दिसलों नाहीं?"

त्या प्रश्नाचें उत्तर तेथें जमलेल्या वडील माणसांपैकीं कोणासच देतां येईना. तें देण्याचा यत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

अशा फाटकापाशीं रस्त्यावर काळ्या रेघांचा एक लांबट चौकोन पुष्कळांनीं पाहिला असेल. मोटार त्यावर आली कीं फाटक उघडतें, तेव्हां गाडीच्या वजनानें खालची एखादी कळ दाबली जात असावी, अशी सर्वसाधारण समजूत असते. पूर्वीं तसे प्रयोग झालेहि होते. अमेरिकेंत रस्त्यांत धातूच्या दोन पट्ट्या पुरून, गाडीच्या भारानें त्या एकमेकींस टेकतील अशी योजना केलेली होती. त्याच सुमारास, १९२८ सालीं, बाल्टिमोर शहरांतील एका चौकांत चार्ल्स ॲडलर यांनीं मोटारीचा कर्णा वाजवितांच चालणारा सिग्नल उभारला. पुढें १९६० नंतर तारेचें वेटोळें प्रचारांत आलें आणि या युक्त्या मागें पडल्या. वेटोळ्यास वजनहि नको आणि आवाजहि नको.

त्या काळ्या रेघा म्हणजे रस्ता कापून पुन्हां बुजविलेल्या खांचा होत. त्यांत तांब्याच्या तारेचे कांहीं वेढे असतात, व तारेचीं टोकें फाटकाजवळच्या पेटींतील शोधक-यंत्रास जोडलेलीं असतात. हें यंत्र वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडतें. त्याचीं आंदोलनें सेकंदास कित्येक हजार असतात. त्यामुळें वेटोळ्याभोंवतीं सतत बदलणारें चुंबकक्षेत्र निर्माण होतें. अशा क्षेत्रांत धातूचा पत्रा आला कीं त्यांत वीज खेळूं लागते. हा प्रवर्तनाचा नियम मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढला, हें तुम्ही वर्गांत शिकलांच आहां. मोटारीच्या तळाच्या पत्र्यांत अशा रीतीनें विजेचे जणूं भोंवरे उठतात. लेंझ यांनीं १८३४ सालीं सांगितल्याप्रमाणें हे प्रवाह ज्या कारणानें उत्पन्न झाले त्या कारणासच विरोध करितात. म्हणजे वेटोळ्याचें क्षेत्र दुबळें करितात. परिणामीं वेटोळ्याची प्रवर्तकता घटते आणि आंदोलनांची संख्या वाढते. सतारीची तार पडद्यावर दाबली कीं सूर चढतो व जाणत्या कानास तो तत्काळ कळतो. शोधक-यंत्र तसेंच या चढत्या सुरावर कान ठेवून बसलेलें असतें.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. वेटोळ्यास केवळ लोखंडच कळतें असें समजून कित्येक दुचाकीस्वार गाडीच्या तळाशीं लोहचुंबक चिकटवितात. त्याचा उपयोग होत नाहीं. वीज वाहूं देणारा धातूचा पसरट पत्रा किंवा बंद कडें येथें आवश्यक असतें. ॲल्युमिनियम लोहचुंबकास चिकटत नाहीं, तरी वेटोळ्यास तें चांगलें कळतें.

आतां वेटोळें बसवावयाचें कसें तें पाहूं. समजा, फाटकाची वाट ३ मीटर रुंद आहे. दोन्ही कडांपासून ३० सेंटिमीटर जागा सोडली म्हणजे २.४ मीटर लांबीची रेघ आडवी आंखतां येते. तिच्यापासून १ मीटर अंतरावर दुसरी समांतर रेघ आंखावी. हा झाला चौकोन. करवतीच्या चक्रानें सुमारे ४ मिलिमीटर रुंद व ३० ते ५० मिलिमीटर खोल खांच पाडावी. चौकोनाचे कोपरे तिरपे छाटावे, म्हणजे तीक्ष्ण कोपऱ्यावर तारेचें वेष्टन फाटत नाहीं. खांच स्वच्छ व कोरडी करून तींत उत्तम वेष्टनाच्या, १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे वेढे घालावे. परिघ १० मीटरांहून अधिक असल्यास दोन वेढे पुरतात, ६ ते १० मीटर असल्यास तीन घालावे, आणि त्याहून लहान असल्यास चार. आपल्या चौकोनाचा परिघ ६.८ मीटर आहे. म्हणून तीन वेढ्यांस सुमारे साडेवीस मीटर तार लागेल. शिवाय यंत्रापर्यंत जाणारीं दोन टोकें निराळीं. हीं टोकें एकमेकींभोंवतीं मीटरास निदान वीस पीळ बसतील अशीं वळावीं, नाहींतर तींहि वेटोळ्याप्रमाणें वागूं लागतात. तारेस मध्यें सांधा असूं नये. शेवटीं खांच डांबरानें अगर इपॉक्सीनें पूर्ण बुजवावी. तार तसूभरहि हलतां कामा नये, कारण तिच्या थरथरण्यानेंहि सूर बदलतो आणि गाडी नसतां फाटक उघडतें.

वेटोळ्याच्या जागेसहि महत्त्व आहे. बाहेर जाणाऱ्या गाडीसाठीं फाटक उघडणारें वेटोळें आंतल्या बाजूस असतें. गाडी मध्यें असतां फाटकास मिटूं न देणारें रक्षक वेटोळें फाटकालगत असतें. सरकतें लोखंडी फाटक हाहि धातूच, म्हणून त्याच्या मार्गापासून वेटोळें सुमारे एक मीटर दूर ठेवावें. दोन वेटोळीं जवळ असल्यास त्यांच्यांत दोन मीटरांचें अंतर राखावें आणि दोहोंची वारंवारता निराळी ठेवावी. नाहींतर एकाचा सूर दुसऱ्याच्या कानीं पडतो. वेटोळ्याची पोंच त्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत असते. एक मीटर रुंदीचें वेटोळें साधारण ६५ सेंटिमीटर उंचीपर्यंतचा धातु ओळखील. उंच मालमोटारींची ये-जा असल्यास तें अधिक रुंद करावें. यंत्र चालू करितांना वेटोळ्यावर गाडी उभी नसावी, कारण त्या क्षणींची स्थिति हीच रिकामी वाट, असें तें यंत्र गृहीत धरतें.

यानंतर संवेदनक्षमता ठरवावयाची. मोटारीमुळें पडणारा फरक ठळक असतो. दुचाकीमुळें पडणारा फरक शेंकडा एकाच्या दहाव्या हिश्श्याइतका अल्पहि असूं शकतो. म्हणून हें माप मोटारीवर न ठरवितां, तेथून जाणाऱ्या सर्वांत लहान वाहनावर ठरवावें. सायकलीची अडचण विशेष आहे. वेटोळ्याच्या मध्यभागीं चुंबकरेषा सरळ वर जातात. सायकलीचें उभें चाक त्यांना समांतर असल्यानें त्या त्याच्या कड्यांतून पार होत नाहींत. तारेच्या अगदीं वर, तारेच्याच दिशेनें चाक धरलें तर मात्र रेषा कड्यांतून आडव्या जातात आणि सायकल ओळखली जाते.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. मी चौकशी केली तेव्हां असें कळलें कीं, खांचेंतील डांबर भेगाळून पावसाचें पाणी आंत शिरत होतें. तारेच्या फाटक्या वेष्टनांतून वीज झिरपून फाटक वारंवार उघडेंच राही. त्यावर उपाय म्हणून तार बदलावयाची सोडून यंत्राची संवेदनक्षमता उतरविण्यांत आली. फाटक शहाण्यासारखें मिटूं लागलें, सर्वांस बरें वाटलें. पण त्याच दिवसापासून तें सायकलींविषयीं आंधळें झालें. खरा दोष ओहम-मापकानें सहज उघड झाला असता. तार व जमीन यांतील रोध निदान १० मेगओहम भरला पाहिजे.

तथापि तार नवी घातली, संवेदनक्षमता योग्य ठेवली, तरी एक गोष्ट उरतेच. माणसाचें शरीर वेटोळ्याच्या दृष्टीनें जवळजवळ नसल्यासारखेंच आहे. पायीं चालणारें मूल त्यास कितीहि चांगल्या बसवणींत कळणार नाहीं. म्हणून रक्षक वेटोळ्याबरोबर वाटेवर आडवा प्रकाशकिरण, फाटकाच्या कडेस दाबतांच थांबविणारी पट्टी, आणि अडथळा लागतांच उलट फिरणारें यंत्र, या तीन गोष्टी हव्यातच.

पालकांस विनंती आहे कीं, आपल्या वसाहतीचें फाटक एकदां स्वतः पारखून पाहावें. फाटक मिटत असतां पुठ्ठ्याचें रिकामें खोकें लांब काठीनें वाटेंत सरकवावें. तें न थांबल्यास दुरुस्तीपूर्वीं तें हातानेंच चालवावें. ही परीक्षा दर पावसाळ्यानंतर पुन्हां करावी. आणि विद्यार्थी मित्रहो, मोटारीच्या पाठोपाठ फाटकांतून कधींहि शिरूं नका. तें फाटक मोटारीसाठीं उघडलेलें असतें. तुम्ही तेथें आहां, हें त्यास ठाऊकच नसतें.